वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी लिनन: कापडाची निवड आणि तयारी

घडीच्या वस्तऱ्याने दाढी करण्याआधी त्याचे पाते एका लांब पट्ट्यावर उलटसुलट फिरवण्याची पद्धत जुनी आहे. या पट्ट्याला इंग्रजीत स्ट्रॉप म्हणतात. आपल्याकडे नाभिकाच्या धोकटीत सहाणेबरोबर चामड्याचा तुकडा असे आणि पुष्कळ कारागीर शेवटचे दोन-चार हात तळहातावरच फिरवत. युरोप-अमेरिकेतील केशकर्तनालयांत मात्र खुर्चीच्या बाजूला टांगलेला पट्टा बहुधा जोडपट्टा असे. त्याचा एक पदर चामड्याचा आणि दुसरा कापडाचा. या कापडासाठी सर्वांत नावाजलेला धागा म्हणजे लिनन.

घडीचा वस्तरा पुन्हा वापरू लागलेले हौशी लोक चामड्याची चौकशी बारकाईने करतात, पण कापडाचा पदर हाती येईल त्या तुकड्याचा करतात. तिथेच फसगत होते. कापडातील एक गाठ किंवा वाळूचा एक कण तासभर खपून सहाणेवर लावलेली धार दहा फेऱ्यांत बिघडवू शकतो. मग वस्तरा पुन्हा सहाणेवर न्यावा लागतो, आणि सहाणेवर गेलेला प्रत्येक वस्तरा थोडा झिजूनच परत येतो. म्हणून कापड कोणते घ्यावे आणि पट्टा शिवण्याआधी त्यावर काय संस्कार करावेत, हे समजून घेणे फायद्याचे आहे.

पट्ट्यावर नेमके काय घडते?

चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही तो धारेला इजा करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात याचे कारण मांडले. वापरून टाकण्याच्या रेझरच्या पात्यांवर त्यांनी प्रयोग केले. केस वाकून तिरका झाला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो, असे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

दाढीनंतर धारेवर आणखीही काही गोष्टी उरतात. साबणाचा सुकलेला थर, पाण्याचा अंश, केसांचा व त्वचेचा चुरा आणि गंजाची अगदी पातळ सुरुवात. कापडाचा पदर मुख्यतः ही घाण पुसतो आणि धार कोरडी करतो. चामड्याचा पदर त्यानंतर धारेला शेवटचा गुळगुळीतपणा देतो. कापडावरची घाण चामड्यावर जाऊ नये, म्हणून क्रम नेहमी आधी कापड आणि मग चामडे असाच असतो.

कोरे लिनन पोलाद कापत नाही. बोथट वस्तरा नुसत्या कापडावर कितीही फिरवला तरी त्याला धार येणार नाही. ती सहाणेवरच लावावी लागते. कापडाचे काम लागलेली धार टिकवण्याचे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की निवडीचा निकष आपोआप ठरतो. कापड ‘धार लावणारे’ खरखरीत नको. ते सपाट, स्वच्छ आणि ताणल्यावर ताठ राहणारे हवे.

लिननच का?

लिनन जवसाच्या खोडातील तंतूंपासून होते. ज्या जवसाची चटणी महाराष्ट्रात घरोघरी होते आणि ज्याचे पीक विदर्भात घेतले जाते, तीच ही वनस्पती, लिनम युसिटॅटिसिमम. फरक जातींचा आणि लागवडीचा आहे. तेलबियांसाठी लावलेला जवस बुटका आणि फांद्यांचा असतो. तंतूंसाठीचा जवस दाट पेरून सरळसोट उंच वाढवतात. अशा लागवडीत फ्रान्स जगात सर्वांत पुढे आहे. भारतात लिननचे सूत काढणारी मोठी गिरणी पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे आहे, पण तिथे लागणारा तंतू प्रामुख्याने युरोपातून येतो.

पट्ट्याच्या दृष्टीने जवसाच्या तंतूचे तीन गुण महत्त्वाचे आहेत.

पहिला गुण म्हणजे तो फार कमी ताणला जातो. जवसाचा तंतू तुटेपर्यंत जेमतेम २ ते ३ टक्के लांबतो, तर कापसाचा तंतू त्याच्या दुपटीहून अधिक लांबतो. पट्टा ओढून धरल्यावर मध्ये झोळ पडला, तर पाते त्या झोळात बुडते, कापड धारेभोवती वळते आणि धार गोलसर होते. लिननचा पट्टा कमी जोरातही ताठ राहतो.

दुसरा गुण म्हणजे तो पाणी चटकन शोषतो आणि चटकन सोडतो. शिवाय ओला झाल्यावर हा तंतू कमजोर होत नाही, उलट अधिक बळकट होतो. त्यामुळे कापड पुनःपुन्हा धुता येते.

तिसरा गुण गुळगुळीतपणाचा. जवसाचे लांब तंतू विंचरून एकमेकांना समांतर केले जातात. अशा सुताला लव कमी असते आणि ते घोटल्यावर चपटे व तुकतुकीत होते.

मराठीत लिननला कधीकधी ‘तागाचे कापड’ म्हटले जाते, त्याने मात्र घोटाळा होतो. पोती ज्या तागाची होतात तो वेगळ्या वनस्पतीचा तंतू आहे. तो भरड, कुसळासारखा टोचणारा आणि ओला झाल्यावर कमजोर होणारा असतो. गोणपाट कितीही जाड आणि घट्ट दिसले तरी पट्ट्यासाठी निरुपयोगी आहे.

कोणत्या रूपातले लिनन उपयोगी?

*विणलेली पट्टी.* खाटेच्या नवारीसारखी, दोन्ही बाजूंना पक्का काठ असलेली लिननची पट्टी मिळाली तर ती सर्वांत सोयीची. कडा शिवाव्या लागत नाहीत आणि उभे धागे आपोआप पट्ट्याच्या लांबीत येतात. मात्र बाजारात मिळणारी नेहमीची नवार सुती किंवा प्लॅस्टिकच्या धाग्याची असते. सुती नवार कामचलाऊ ठरते, प्लॅस्टिकच्या धाग्याची नको. तो धागा पाणी शोषत नाही, म्हणजे धार कोरडी करण्याचे मुख्य कामच होत नाही.

*आगीच्या बंबाचा जुना नळ.* रबराचे अस्तर नसलेले बंबाचे नळ पूर्वी जवसाच्या धाग्याचे अतिशय घट्ट विणत. पाणी सोडले की धागे फुगत, विणीतली छिद्रे बुजत आणि नळाची गळती थांबे. इतकी घट्ट, जाड आणि बिनशिवणीची वीण पट्ट्याला आदर्शच. म्हणून अमेरिकेत अशा नळाचे पट्टे वाखाणले गेले आणि जुना माल आजही हौशी लोक शोधतात. पण जुन्या नळात गंज, बुरशी आणि माती अडकलेली असू शकते. आतून रबर लावलेला नळ तर घेऊच नये.

*चित्रकाराचा कॅनव्हास.* तैलचित्रांसाठी वापरला जाणारा लिननचा कॅनव्हास घट्ट आणि एकसारखा असतो. तो कोरा, म्हणजे पांढरा लेप न लावलेला मागावा. लेप लावलेल्या कॅनव्हासमध्ये खडूसारखी भुकटी आणि चिकट द्रव्ये असतात. ती धुऊन जात नाहीत.

*पडद्यांचे आणि गाद्यागिर्द्यांचे कापड.* घरसजावटीच्या दुकानात जाड लिनन सहज मिळते. त्यात कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळलेले कापड बरेच असते, त्यामुळे पुढे दिलेल्या परीक्षा करूनच ते घ्यावे.

निवडताना काय पाहावे?

*वजन.* शर्टाचे लिनन साधारण १२० ते १८० ग्रॅम प्रतिचौरस मीटर असते. पट्ट्याला ते फार पातळ. ३०० ग्रॅम किंवा त्याहून जड कापड घ्यावे. २५० ग्रॅमचे कापडही दोन पदर करून चालते. मात्र फार जाड कापड म्हणजे चांगले कापड असे नाही. जाड सुताची विरळ वीण हातात भारदस्त लागते, पण पात्याला ती एकामागून एक उंचवट्यांसारखी लागते.

*वीण.* साधी एक-वर-एक-खाली वीण सर्वांत निर्धोक. माशाच्या काट्यासारखी दिसणारी तिरकी वीणही चांगली, कारण तिच्यात धागे अधिक दाट बसतात. मोठ्या चौकड्यांची, उठावाच्या नक्षीची किंवा भरतकामाची वीण टाळावी. कापड उजेडासमोर धरावे. ठिपक्याठिपक्यांनी प्रकाश झिरपत असेल तर वीण विरळ आहे.

*सूत.* जवसाचे लांब तंतू आणि विंचरताना गळालेले आखूड तंतू वेगळे कातले जातात. आखूड तंतूंचे सूत केसाळ आणि गाठाळ होते. लांब तंतूंचे आणि ओले कातलेले सूत गुळगुळीत होते. दुकानात हे कोणी सांगेलच असे नाही, पण कापड डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून पाहिले की लव किती आहे ते कळते.

*गाठी.* कपड्यांच्या दुनियेत लिननचा गाठाळपणा सौंदर्य मानला जातो आणि काही कापडांत तो मुद्दाम ठेवतात. पट्ट्याला मात्र तो दोष आहे. गाठीवरून जाताना पाते उचलले जाते आणि धारेच्या त्याच भागावर सगळा दाब येतो. डोळे मिटून बोटांचे पेर आणि नंतर नख कापडावरून हळू ओढावे. जिथे नख अडखळते तिथे धारही अडखळेल.

*प्रक्रिया.* ‘सुरकुत्या न पडणारे’, ‘डाग न धरणारे’ किंवा ‘पाणी न शोषणारे’ असे लिहिलेले कापड घेऊ नये. त्यावर राळेचा किंवा तत्सम द्रव्याचा पक्का थर असतो. गडद रंगापेक्षा न रंगवलेले, करड्या-बदामी नैसर्गिक रंगाचे कापड बरे. त्यावर वस्तऱ्याने सोडलेली काळी रेघही लगेच दिसते.

घरच्या घरी कापडाची परीक्षा

*जाळून पाहणे.* कापडातून उभे आणि आडवे असे दोन-दोन धागे काढून चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून पेटवावेत. जवसाचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख उरते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर किंवा नायलॉन आहे.

*तोडून पाहणे.* कापूसही कागदासारखाच जळतो, म्हणून ही दुसरी परीक्षा लागते. धागा किंचित उलगडून ओढून तोडावा. कापसाच्या धाग्याचे तुटलेले टोक ब्रशासारखे पिंजते. जवसाच्या धाग्याचे टोक लांब, निमुळते आणि ताठ राहते.

*कापसाचा बोळा.* कोरड्या कापसाचा बोळा कापडावरून अलगद फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतात तिथे काडी, टोचरे कूस किंवा सुटलेला धागा आहे. एखाददुसरे कूस चिमट्याने उपटता येते. जागोजागी तसे असेल तर कापड सोडून द्यावे.

*आयोडीनचा थेंब.* बहुतेक नव्या कापडाला खळ असते. कापलेल्या तुकड्यावर औषधाच्या दुकानातील टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. डाग निळा-काळा झाला तर पिठाची खळ आहे. ही परीक्षा धुण्याआधी आणि धुतल्यानंतरही करता येते. ती नेहमी फेकून द्यायच्या तुकड्यावरच करावी.

तयारी: पहिला टप्पा, धुणे

नवे लिनन धुतल्यावर साधारण ४ ते १० टक्के आटते. आधी शिवून मग धुतलेला पट्टा वेडावाकडा होतो. म्हणून कापड मोठे कापून आधी धुवावे. तयार पट्टा ७.५ सेंटिमीटर रुंद हवा असेल तर सुमारे २० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब तुकडा घ्यावा. पट्ट्याची लांबी नेहमी उभ्या धाग्यांच्या, म्हणजे ताण्याच्या दिशेने असावी. ताण्याचे धागे मागावर ओढून धरलेले असतात, त्यामुळे ते पुढे कमी लांबतात. कापडाचा काठ ज्या दिशेने धावतो ती ताण्याची दिशा.

तुकड्याच्या कच्च्या कडांना आधी इंटरलॉक करून घ्यावे, म्हणजे धुताना धागे सुटणार नाहीत. मग तो रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावा. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून हाताने धुवावा. पाणी गढूळ निघणे थांबेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. शेवटी नुसत्या पाण्यातून इतके खळबळावे की फेस अजिबात येऊ नये.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण ते धाग्यावर निसरडा थर ठेवते. क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. ते तंतू कमजोर करते आणि त्याचा अंश पोलादाला गंज आणतो. धुण्याच्या दगडावर कापड आपटू नये, कारण दगडाची कचकच विणीत बसते.

वाळवण्याची जागाही महत्त्वाची. गच्चीवर किंवा रस्त्याकडच्या बाल्कनीत कापड टाकले तर हवेतली धूळ त्यावर बसते. वाळूतील क्वार्ट्झचे काठिण्य मोह्स मापनात ७ आहे, म्हणजे ते वस्तऱ्याच्या कडक पोलादाच्याही तोडीस तोड ठरते. विणीत रुतलेला असा एक कण प्रत्येक फेरीत धारेवर एकाच ठिकाणी ओरखडा काढतो. म्हणून कापड घरातच, सावलीत, स्वच्छ टॉवेलवर सपाट पसरून वाळवावे.

बंबाच्या जुन्या नळाचे काम अधिक वेळखाऊ असते. तो लांबीत उभा चिरून उघडावा, कडक ब्रशने दोन्ही बाजू घासाव्यात आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुनःपुन्हा भिजवावा. गंजाचे डाग असलेला भाग कापून टाकावा.

दुसरा टप्पा, इस्त्री आणि कुंदी

कापड पुरते वाळण्याआधी, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. लिननला सर्वांत जास्त उष्णता चालते. इस्त्री ताण्याच्या दिशेने दाबत न्यावी, तिरकी ओढू नये, नाहीतर कापडाचा चौकोन बिघडतो.

यानंतर कापडाचे धागे चपटे करायचे असतात. उत्तर आयर्लंडमधील लिननच्या धंद्यात यासाठी मोठी यंत्रे होती. ओलसर कापड रुळावर गुंडाळून त्यावर लाकडी ठोकळे तासन्‌तास पडत राहत, त्यामुळे वीण दाट होई आणि कापडावर तकाकी येई. टायरोन परगण्यातील वेलब्रुक येथे पाणचक्कीवर चालणारी अशी जुनी गिरणी जतन केलेली आहे. आपल्याकडे कापडाला मोगरीने ठोकून सपाट करण्याच्या कामाला कुंदी म्हणत. दोन्हींमागचे तत्त्व एकच.

घरी ओलसर कापडाची पट्टी गुळगुळीत फळीवर पसरावी, वर स्वच्छ सुती कापड टाकावे आणि लाकडी मोगरीने किंवा लाटण्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे ठोके द्यावेत. ठोके जोरात नकोत, पुष्कळ हवेत. कापड उलटून तेच करावे. मग पुन्हा इस्त्री. दोन-तीन वेळा असे केले की बोटाला फरक जाणवतो: उंचसखल वीण सपाट होते.

तिसरा टप्पा, शिवण

आता तुकडा नेमक्या मापात कापावा. सरळ रेषेसाठी खडूपेक्षा धागा बरा. कडेचा एक उभा धागा ओढून काढला की त्याची रिकामी रेघ दिसते, त्या रेघेवरूनच कात्री चालवावी. ७.५ सेंटिमीटरच्या दुपदरी पट्ट्यासाठी १५ सेंटिमीटर रुंदी लागते. कडांना पुन्हा इंटरलॉक करून दोन्ही कडा मागच्या बाजूला वळवाव्यात आणि मधोमध एकमेकींना भिडवाव्यात. कडा एकमेकींवर चढवू नयेत किंवा आत दुमडू नयेत. तसे केल्यास मध्यभागी जाडी वाढते आणि पट्टा ताणल्यावर तो उंचवटा पुढच्या बाजूला उमटतो. भिडलेल्या कडा हातशिलाईने फक्त मागच्या पदरातून जोडाव्यात. पुढच्या बाजूला एकही टाका दिसता कामा नये, कारण पाते नेमके त्या बाजूवरून जाणार असते.

दोन्ही टोके ८ ते १० सेंटिमीटर दुमडून एका टोकाला धातूची चौकोनी कडी आणि दुसऱ्या टोकाला धरायची मूठ बसवावी. मधली मोकळी जागा किमान ४५ ते ५० सेंटिमीटर असावी. टोकांची शिलाई मजबूत हवी. वस्तरा पट्ट्यावर असताना कडी सुटली तर बोटांना इजा होऊ शकते.

चौथा टप्पा, साबण आणि बाटली

अमेरिकेतील केशकर्तनाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत कापडाचा नवा पट्टा ‘मुरवण्याची’ एक साधी रीत सांगितली जाते. पट्टा सपाट पृष्ठभागावर ठेवून त्यावर कोरडी साबणाची वडी चोळायची आणि मग गुळगुळीत काचेच्या बाटलीने ते कापड घोटायचे. बाटलीच्या दाबाने साबण विणीत शिरतो आणि जास्तीचा वर येऊन निघून जातो.

इतक्या कष्टाने खळ काढायची आणि मग साबण भरायचा, हे उलटे वाटेल. पण खळ किती आणि कसली आहे ते आपल्या हातात नसते. साबण थोडा, मऊ आणि हवा तेव्हा धुऊन टाकता येणारा असतो. तो धाग्यांवरची लव बसवतो आणि धाग्यांमधल्या बारीक खाचा भरतो. यासाठी साधा पांढरा साबण घ्यावा. उटण्याचे, मुलतानी मातीचे किंवा घासणीचे कण असलेला साबण अजिबात नको. प्रत्येक बाजूला पातळ थर देऊन पाच-दहा मिनिटे घोटावे, जास्तीची पूड कोरड्या फडक्याने पुसावी आणि आठवडाभर रोज हेच करावे. शेवटी तळहात पट्ट्यावरून जोराने फिरवला तर तो उबदार व गुळगुळीत लागावा आणि हाताला पांढरी पूड लागू नये.

लेप लावावा का?

काही पट्ट्यांच्या कापडावर हिरवा क्रोमियम ऑक्साइडचा लेप लावतात. हा पदार्थ पोलादापेक्षा बराच कठीण आहे. त्यामुळे असे कापड नुसते पुसत नाही, अगदी सूक्ष्म प्रमाणात पोलाद झिजवते. मंदावत चाललेल्या धारेला त्याचा उपयोग होतो, पण रोजच्या वापराला तो नको. दुसरे असे की एकदा लावलेला लेप विणीतून पूर्ण निघत नाही, आणि त्याचे कण पात्याबरोबर चामड्यावरही जातात. लेप हवाच असेल तर त्यासाठी कापडाचा वेगळा पट्टा करावा आणि रोजचा पट्टा कोराच ठेवावा. लेप लावलेल्या पट्ट्यावरून आलेले पाते पुसूनच चामड्यावर न्यावे.

पहिला वापर

तयार पट्ट्यावर पहिला मान चांगल्या वस्तऱ्याला देऊ नये. एखादा जुना, कमी किमतीचा वस्तरा २० फेऱ्या फिरवून भिंगाखाली त्याची धार पाहावी. नवी चकाकती खाच किंवा उभा ओरखडा दिसला तर कापडात काहीतरी राहिले आहे, ते शोधून काढावे.

पट्टा एका हाताने ताठ ओढावा. पात्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेल्या असाव्यात. पाते नेहमी पाठीच्या दिशेने सरकते, धार मागून येते. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरून पलटायचे, धारेवरून नाही. धारेवरून पलटलेले पाते कापडही कापते आणि स्वतःची धारही मोडते. हात अगदी हलका हवा, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा जास्त दाब नको. दाढीआधी कापडावर सुमारे २० आणि त्यानंतर चामड्यावर ४० ते ५० फेऱ्या हे अनेकांचे प्रमाण आहे. दाढीनंतर पाते पुसून कापडावर आणखी दहा फेऱ्या मारल्या तर धारेजवळचे उरलेसुरले पाणी निघते.

निगा आणि आरोग्य

लिनन हवेतील ओल धरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पट्टा हाताला गार आणि जड लागू लागतो. अशा पट्ट्यावर वस्तरा कोरडा होत नाही, उलट कार्बन पोलादाचे पाते गंजू लागते. त्या दिवसांत वापरण्यापूर्वी पट्ट्यावरून कोमट इस्त्री फिरवावी. पट्टा टांगून ठेवावा, घडी घालू नये. घडीची रेघ सहसा जात नाही. काळपटपणा वाढला, की कापड चामड्यापासून सोडवून धुवावे आणि इस्त्री, साबण, बाटली हा क्रम पुन्हा करावा.

पट्टा एकाच माणसाचा असावा. दाढीत त्वचेला न दिसणारी बारीक इजा होते आणि तिचा अंश पात्यावरून पट्ट्यावर जातो. हेपेटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्ग करण्याइतका टिकून राहू शकतो. कापड उकळता येते, पण त्याच्या जोडीचे चामडे उकळता येत नाही, म्हणून पूर्ण जोडपट्टा निर्जंतुक करणे शक्य नसते. केशकर्तनालयांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते घालायचा वस्तरा आला, त्यामागे हेच कारण आहे. घरातसुद्धा वडिलांचा पट्टा मुलाने वापरू नये.

पाते कापडावर टेकवण्याआधी रोज एक सवय लावून घ्यावी. पट्टा ताणून त्यावरून तळहात एकदा वर आणि एकदा खाली फिरवावा. त्याने धूळ झटकली जाते आणि एखादा कण रुतला असेल तर तो हाताला कळतो. तो आधी काढावा, मगच पाते पट्ट्यावर टेकवावे.